सईला न्यूमोनिया नव्हता

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे—एकीला सांगितलं, पण तेही गेल्याच आठवड्यात, आणि तोवर सांगण्यात काही पुण्य उरलं नव्हतं. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. ती वेळेवर उचलली असती तर हे लिहायची पाळीच आली नसती, नाही का?

कुठून सुरुवात करू? भीतीपासूनच करते. तिच्याशीच माझी जास्त ओळख आहे.

विरार पश्चिमेला आमचं औषधांचं दुकान आहे. हे—म्हणजे माझे मिस्टर—फार्मासिस्ट, मी काउंटरवर. गावात तापाची साथ आली की आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. सकाळपासून एकामागून एक बाया येतात आणि मुलांसाठी तेच सिरप मागतात. "व्हायरल आहे हो, सगळ्या शाळेत चाललंय," म्हणतात आणि निवांत घरी जातात. त्यांनी निवांतच जावं. चार दिवस ताप, नाकाला धार, की पाचव्या दिवशी पोर पुन्हा जिन्यावर धुडगूस घालतं. पण मी मात्र तिथल्या तिथे थंड पडते. बाटली कागदात गुंडाळता गुंडाळता मूल किती महिन्यांचं ते विचारते. ह्यांना दिसतं ते. काउंटर सांभाळायला ते पुढे येतात.

मग दुपारी मी आगाशीची बस धरते.

आगाशीला माझी धाकटी बहीण प्रज्ञा दिली आहे. घर बागाईतदारांचं, मागे केळी आणि नारळ, नवरा नितीन वाडी सांभाळून बँकेत नोकरी करणारा. त्यांचा आरुष आता सात वर्षांचा आहे. तो रांगायला लागल्यापासून मी त्याच्यामागे वाटी-चमचा घेऊन धावतेय. हा जेवला का? दुपारी झोपण्याआधी काही खाल्लं का? ताप आहे? मग मी येतेच, राहतेच. ग्लुकोजचा डबा माझ्या पर्समध्ये कायम. झोपलेल्या पोराला उठवून मी साखरपाणी पाजते. नितीन मला साखरमावशी म्हणून चिडवतो. प्रज्ञाच्या सासूबाई—त्यांना मी आई म्हणायचे—सगळ्या शेजारणींना सांगायच्या, "माय मरो पन मावशी जगो, ते हिच्याकडे बघून कळतं." दहा ठिकाणी मी हे कौतुक ऐकलंय. हसून ऐकलंय.

माया? ती होती, अजूनही आहे. पण पोराला मध्येच उठवणारी ती माया नव्हती, तो पहारा होता. आणि पहारा कशाचा, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता सईबद्दल सांगावं लागेल. मी किती वेळ टाळतेय बघा.

सई माझी मुलगी. दहा महिन्यांची होती. गुटगुटीत, कुणाच्याही कडेवर जाणारी. तिला असाच साधा ताप आला, व्हायरल. दोन-तीनदा उलटी झाली, दूध पोटात टिकेना, म्हणून आम्ही म्हटलं, पोटाला जरा आराम देऊ. झोपली होती, झोपू दिलं. सकाळी ती उठली नाही. हॉस्पिटलात नेली तेव्हा तिच्यात थोडा जीव होता. डॉक्टरांनी रक्त घेतलं, धावपळ केली, आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. "बहुतेक न्यूमोनिया," असं तिथल्या कुणीतरी म्हटलं. जो विचारेल त्याला आम्ही तेच सांगितलं. त्या दिवशी ते खोटं नव्हतं.

पुढे त्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. मला ते समजलं ते असं—आमच्या सोसायटीत खालची टाकी टँकरनं भरलेली असते, पण मोटर बंद पडली तर वरच्या टाकीत थेंब चढत नाही. वरची संपली की नळ कोरडे. माणसाच्या अंगात साखर ही वरची टाकी आणि चरबी ही खालची. उपाशी राहिलो की शरीर चरबीतून ताकद काढतं. सईच्या अंगात ती मोटरच नव्हती. जन्मापासून नव्हती. दर दोन-तीन तासांनी दूध पीत होती तोवर कुणाला कळायचं कारणच नव्हतं. ताप आला, अंग दुप्पट जळायला लागलं, पोटात काही टिकलं नाही—आणि वरची टाकी रिकामी झाली. दुसऱ्यांच्या मुलांना जो विषाणू शाळा बुडवायला निमित्त देतो, त्यानं माझी मुलगी नेली.

हे आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून यावं लागतं, असं बाई म्हणाल्या. आमचं लग्न नात्यातलं का, विचारलं. नात्यातलं नाही. पण आमच्या लोकांत सोयरिकी होतात त्या पाच-सात गावांतच. निर्मळची मुलगी आगाशीला, आगाशीची विरारला. कुणाची तरी आजी कुणाच्या तरी आजोबांची चुलत बहीण निघतेच. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मग तुमच्या भावंडांना हे सांगा. लग्नाआधी सांगा, निदान मूल व्हायच्या आधी. माहीत असलं की अशी मुलं छान जगतात. त्यांना उपाशी ठेवायचं नाही, आणि तापात उलट्या लागल्या की घरी थांबायचं नाही, थेट साखरेचं सलाईन. बस, एवढंच."

एवढंच! मी हे वाक्य कितीदा मनात घोळवलंय. एवढंच तर सांगायचं होतं.

त्याच सुमारास प्रज्ञाचं आगाशीला जमत होतं. निर्मळला माहेरी बाबा खुशीत होते, मुलगा चांगला, घर चांगलं. मुंबईहून परतताना हे म्हणाले, "आधी बाबांना सांगू या." मी म्हणाले, नको. लग्न मोडेल. लग्न मोडलं असतं का? नितीनला आज ओळखते तशी ओळखत असते तर म्हटलं असतं, नाही, त्यानं रक्त तपासून घेतलं असतं आणि तरीही लग्न केलं असतं. पण खरं कारण तेही नव्हतं. जिच्या मुलीला न्यूमोनिया झाला तिची लोक कीव करतात. जिच्या रक्तातच खोट आहे तिच्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतात. मला कीव हवी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी ह्यांना म्हटलं—स्वतःच्या मुलीच्या मरणाबद्दल मी ही म्हण वापरली. आणि त्यांच्याकडून सईची शपथ घेतली, की तोंड उघडायचं नाही.

त्यांनी ती पाळली. पुढे आम्हाला मूल झालं नाही, मी होऊ दिलं नाही.

मग प्रज्ञाला दिवस गेले. तेव्हा तरी बोलायचं. तेव्हा बोलले असते तर फार तर रुसवाफुगवा झाला असता. मी तोंडात मिठाची गुळणी धरून तिचं डोहाळजेवण केलं, ओटी भरली. आणि आता बोलायला बसलेच आहे तर हेही सांगते—त्या गर्दीत तिचा उजळलेला चेहरा बघताना माझ्या मनात येऊन गेलं, की मी एकटीनंच का सोसायचं? क्षणभरच आलं. पण आलं. त्या क्षणाची मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त भीती वाटते.

आरुष झाला आणि माझा पहारा सुरू झाला. मी स्वतःची समजूत घातली, की सांगितलं नाही तरी चालेल, मी आहे ना! मीच त्याला उपाशी राहू देणार नाही. कदाचित त्याच्यात काही नसेलही. चोराच्या मनात चांदणं—पोर जरा जास्त वेळ झोपलं की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बघायची. आई हसायच्या. "बाय, पोर श्वास घेतंय, तू घे आता." सुकेळी त्या घरीच करायच्या, राजेळी केळी उन्हात वाळवून. मी आरुषच्या खिशात कायम दोन घालून ठेवायची. त्यांना वाटायचं, त्यांच्या हातची सुकेळी मला आवडतात.

तो चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. विरारात साथ जोरात होती आणि त्या खेपेला ती मलाही लागली. अंगात ताप, घसा धरलेला. अशी आगाशीला जाणार कशी? मीच त्याला ताप नेऊन दिल्यासारखं झालं असतं. म्हणून गेले नाही. तेवढं एक बरोबर केलं. पण त्याला तो बालवाडीतून मिळालाच.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन आला. "ताई, ह्याला ताप आहे गं, दोनदा ओकला. आई म्हणतात आज लंघन करू दे. काय करू?"

मागून आईंचा आवाज येत होता. चिडलेला नाही, उलट समजावणारा. "पोटाला जरा सुट्टी दे त्याच्या. निसतं पानी पाज. लंघनानं कोनी मेलं नाय आजवर."

ताप असूनही मी दुकानात बसले होते. काय बोलायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय. आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन हॉस्पिटलात जा. सई अशीच गेली. एवढे दोन शब्द. पण मग पुढचा प्रश्न येणार होता ना—ताई, तुला कसं माहीत? कधीपासून माहीत? मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "थोडं साखरपाणी दे गं, जमलं तर."

जमलं तर!

"तुझं आपलं साखरपाणी," म्हणून प्रज्ञा हसली. समोर हे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात पुढे केला, फोन मागायला. आणि मी फोन बंद केला.

हे मी केलं. आजारी होते म्हणून नाही, घाबरले म्हणूनही नाही—म्हणजे घाबरले होते, पण पोराच्या जिवासाठी नाही. स्वतःसाठी.

सकाळी आरुष उठला नाही. हलवला तर मान एका बाजूला पडत होती. नितीननं त्याला तसाच उचलून हॉस्पिटलात नेला. तोंडाला मास्क बांधून मी पोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, एका दिवसाच्या उपासानं साखर इतकी खाली कशी? घरात आधी कुठलं मूल असं अचानक गेलंय का? प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. "ताईची सई गेली होती. पण तिला न्यूमोनिया झाला होता. हो ना गं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. तरुण होते, डोळे लाल झालेले. वाट बघत उभे राहिले.

"हो," मी म्हणाले. "न्यूमोनिया."

साखरेचं सलाईन चालू होतं म्हणून तो वाचला. दुपारी डोळे उघडले, कार्टून लावायला सांगितलं. सगळे रडले, मीही रडले. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, एकदा मुंबईला नेऊन रक्ताची खास तपासणी करून घ्या. प्रज्ञा निघालीही असती. मी तिला म्हटलं, "किती सुया टोचणार पोराला? आता बरा आहे ना? उपाशी राहिला म्हणून झालं ते." औषधांच्या दुकानातली बहीण सांगतेय म्हटल्यावर तिनं ऐकलं. डॉक्टरांशी खोटं बोलले ते एका झटक्यात, पण हे मी समजून-उमजून, गोड आवाजात, तिच्या पाठीवरून हात फिरवत केलं. रिपोर्ट आला असता तर त्याच्या मागोमाग माझं नाव आलं असतं.

उपाशी राहिला म्हणून झालं. आणि उपाशी कुणी ठेवला? बोट आपोआप आईंकडे गेलं. मी दाखवलं नाही. मला दाखवायची गरजच पडली नाही.

प्रज्ञानं सासूशी बोलणं टाकलं. कामापुरतं बोलायची—भाजी चिरली का, पाणी आलं का. आरुषला त्यांच्या हातचं खाऊ देईना. सत्तरीच्या बाई त्या, सगळ्या वाडीतल्या पोरांना न्हाऊ-माखू घातलेल्या, आणि आपल्याच नातवाला जवळ घेण्याआधी सुनेच्या तोंडाकडे बघायच्या. एकदा केळीच्या बागेत मला गाठून त्यांनी माझे हात धरले. "माझ्या हातानं पोर गेलं असतं गं बाय. आमच्या घरात सगल्यांना आमी असंच बरं केलं. मला काय ठावं?"

मी त्यांना जवळ घेतलं. म्हणाले, "आई, तुम्हाला कुठे माहीत होतं!"

त्या माझ्या खांद्यावर रडल्या. त्यांना वाटलं, मी एकटीच त्यांना समजून घेतेय. मी जे म्हणाले ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. शेवटी अंथरुणाला खिळल्या होत्या. प्रज्ञानं औषधपाणी, पथ्य सगळं चोख केलं. फक्त बोलली नाही.

आणि ह्या वर्षी प्रज्ञाला मुलगी झाली. आता ती सहा महिन्यांची आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा बाया सिरप मागायला लागल्या. एक चांदीप गावाहून आली होती, दोन लेकरं बरोबर, दोन्ही फणफणलेली. मी त्यांना औषध देत होते तेवढ्यात फोन. "ताई, बाळाला ताप आहे. दूध ओढत नाहीये. तू ये ना, तू आलीस की मला धीर येतो."

मी गेले. ओटीवर बसले, तिनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. कपाळ तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. नितीन आत रजेसाठी बँकेला फोन करत होता, आरुष पायरीवर बसून चित्र रंगवत होता. आणि मी बोलले. सई, रिपोर्ट, डॉक्टरीणबाई, शपथ, त्या संध्याकाळचा फोन, हॉस्पिटलातलं खोटं, तपासणीला आडवी आले तेही. आत्ता उठ, हिला ने, डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांग, असंही म्हणाले. मला वाटलं होतं, बोलताना मी रडेन. आवाज कोरडा होता, काउंटरवर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतात तसा.

बाळ सुखरूप आहे, हे इथेच सांगून टाकते. तिला वेळेत सलाईन लागलं. दोन्ही मुलांचं रक्त मुंबईला गेलं. आरुषमध्ये तेच निघालं, सईचंच. बाळाचा रिपोर्ट अजून यायचाय. हे मला ह्यांच्याकडून कळतं. नितीन ह्यांना फोन करतो.

पण त्या ओटीवरचं सांगायचं राहिलं. माझं बोलून होईपर्यंत प्रज्ञा उभीच होती. ती ओरडेल, मारेल, मला काय वाटलं होतं कोण जाणे. तिनं एकच विचारलं.

"आईंना माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले. "आम्हा दोघांशिवाय कुणालाच नाही."

"मी त्यांच्याशी शेवटपर्यंत धड बोलले नाही, ताई." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही. आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाली, जिथे त्यांची खाट असायची.

मग ती वाकली आणि माझ्या मांडीवरून बाळ उचललं—बसमध्ये परक्या बाईकडे घटकाभर दिलेलं मूल परत घ्यावं तसं. नितीन रिक्षा घेऊन आला. ती बाळाला घेऊन बसली, आरुष तिला बिलगून, नितीन पुढे ड्रायव्हरच्या शेजारी. मागे अजून एकीला जागा होती.

ती मला बस म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.